मदत हवी आहे : ८६ डीबीच्या स्पीकरला किती वॅटचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी परभणीत राहतो. वडिलांच्या खोलीत शास्त्रीय गाणं ऐकायची नीट सोय करायचीय. खोली १० बाय १४ फूट, खाली शहाबादी फरशी, भिंती रिकाम्या. टाळी वाजवली तरी घुमते.

बुकशेल्फ स्पीकरची जुनी जोडी मिळाली आहे. ६ ओहम (विजेला होणारा अडथळा), सेन्सिटिव्हिटी (एका वॅटमध्ये एक मीटरवर किती आवाज) ८६ डीबी म्हणजे डेसिबल, पोर्ट (हवा जायचं भोक) मागच्या बाजूला. घरातला अ‍ॅम्प २० वॅटचा. आवाज चढवला की तबल्याची थाप फाटते. अ‍ॅम्प क्लिप होतोय (ताकद संपून आवाज कापला जातोय) असं वाटतं आणि ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जळायची भीती आहे. ३ डीबी वाढवायला दुप्पट वॅट लागतात, म्हणजे २० चे ३० करून फारसं हाती लागणार नाही. मग ६०-८० वॅटचा घ्यावा का? आणि ६ ओहमचे स्पीकर मध्येच ४ च्या आसपास उतरू शकतात, म्हणून तो ४ ओहमचा लोड झेपणाराच हवा ना?

आधी स्पीकर भिंतीला टेकून होते, तेव्हा डग्ग्याचा नुसता गुबगुबाट. काल दीड फूट पुढे ओढले, ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा म्हणून खाली पाट घातले. गायकाचा आवाज एकदम मधोमध आला. वडील डोळे मिटून म्हणाले, "आता तानपुरा वेगळा ऐकू येतोय बघ."

फक्त 'स' आणि 'श' अजून कानाला टोचतात. जाड सतरंजी पुरेल, की बाजूच्या भिंतींवर गोधड्याही टांगू?

आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज फार खाली-वर होतं. स्टॅबिलायझर लावला तर स्पीकरमध्ये घरघर येते का? बजेट २५ हजार. संभाजीनगरला जाऊन ऐकून घ्यायची तयारी आहे. कुणी असं जुळवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.