रोपवेने गेलं म्हणजे रायगड बघितलाच नाही?

नभा (धागाकर्ती)

गडप्रेमींच्या एका ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरत होती. फोटोत होळीच्या माळावर महाराजांच्या पुतळ्यासमोर एकसारख्या टोप्या घालून उभे असलेले ज्येष्ठ नागरिक, आणि खाली मजकूर असा: "पायऱ्या चढायचा दम नसेल तर रायगडावर येऊ नका. रोपवेने आलेल्याला गड दिसतो, कळत नाही. गडांचे पिकनिक स्पॉट झाले ते यांच्यामुळे." त्यावर टाळ्यांचा पाऊस. तिथे लिहायला गेले तर कमेंट बंद केलेल्या, म्हणून इथे लिहितेय.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. वर्षानुवर्षं चौथीच्या वर्गाला शिवचरित्र शिकवलं, फळ्यावर रायगडाचा नकाशा काढून दाखवला, आणि स्वतः रायगड कधी पाहिला नाही. नोकरी, आम्ही पोरं, सासूबाईंचं आजारपण, कधी जमलंच नाही. निवृत्त झाली तोवर गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. यंदा निवृत्त शिक्षकांच्या सहलीतून ती बसने गेली, मी सोबतीला होते. जगदीश्वराच्या पायरीपाशी हिरोजी इंदुलकरांचा लेख आहे ना, 'सेवेचे ठायी तत्पर', तिथे ती खाली बसली. उन्हात अक्षरं नीट दिसेनात म्हणून पदराची सावली धरली आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत बरोबरच्या बायकांना वाचून दाखवलं. मागून दोन तरुण ट्रेकर "काकू, जरा सरका, फोटो घ्यायचाय" म्हणत उभे होते. कुणाला कळला गड, सांगा.

राजगडावरून महाराजांनी राजधानी इथे आणली, 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला. त्यानंतर अकराव्या दिवशी, 17 जूनला, जिजाऊसाहेब गेल्या त्या पाचाडला. वरची हवा मानवत नाही म्हणून त्यांच्यासाठी पायथ्याशी वाडा बांधला होता. राजवाड्याला पालखी दरवाजा आहे, मेणा दरवाजा आहे. पालख्या आणि मेणे काय रिकामे जायचे का? वयस्कर माणसांची सोय बघणं ही त्या गडाचीच रीत आहे. घाम किती गाळला यावर भक्ती मोजायचं हे खूळ आपल्या पिढीचं आहे.

सह्यभटका

पोस्ट माझी नाही, पण बऱ्याच अंशी पटते. तुमच्या आईंबद्दल आदर आहे, त्यांना मध्ये आणून बाकीच्यांची तोंडं बंद करू नका एवढंच म्हणणं.

रायगड वर सुरू होत नाही, खाली सुरू होतो. चित दरवाजा, मग खुबलढा बुरूज, मग ती वळणं घेत जाणारी पायऱ्यांची वाट, आणि दम उखडलेला असताना अचानक समोर महादरवाजा. दोन अजस्र बुरुजांच्या मध्ये तो असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शत्रू तिथे पोचेपर्यंत अर्धमेला व्हावा आणि वरून त्याच्यावर मारा करता यावा, हा हिशोब पायांनी चालल्याशिवाय समजत नाही. रोपवेतून चार-पाच मिनिटांत मेणा दरवाज्यापाशी उतरणाऱ्याला वाटतं की हे डोंगरावरचं एक उघडं मैदान आणि पडकी जोती.

आणि गर्दीचं काय? 1996 ला रोपवे झाला, त्यानंतर रविवारी वर माणूस माणसाला खेटून चालतो. गंगासागर तलावात बाटल्या तरंगताना मी पाहिल्यात. टकमक टोकावर कठड्याबाहेर पाय सोडून बसलेले बहाद्दर पाहिलेत. हे सगळे दम लागून आलेले नव्हते.

नभा

महादरवाज्याचं म्हणणं मान्य, तो चुकवू नये. पण रोपवेने जाणाऱ्यालाही हत्ती तलावाकडून खाली उतरून बघता येतो की. आईच्या ग्रुपमधल्या चालत्याफिरत्या सात-आठ जणी गेल्या होत्या, दरवाज्यावर कोरलेली कमळं बघून परत वर आल्या. तेवढा वेळ मिळाला म्हणून जमलं.

बाटल्यांचं मात्र अजिबात नाही. दरवर्षी राज्याभिषेक दिनाच्या आदल्या रात्री हजारो तरुण पायऱ्यांनी चढतात. दुसऱ्या दिवशी त्या पायऱ्यांच्या कडेला काय पडलेलं असतं ते तुम्हीही पाहिलं असेल. त्यांना कुणी म्हणतं का, येऊ नका?

दफ्तरदार

थोडं अवांतर. चढून की रोपवेने हा वाद माझ्या मते दुय्यम आहे. वर गेल्यावर लोकांच्या कानावर काय पडतं ते बघा. मागच्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या सहलीत गेलो होतो. गाइडने बाजारपेठेत उभं करून ठणकावून सांगितलं की महाराज घोड्यावर बसूनच खरेदी करायचे, म्हणून ही जोती उंच. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अहो, एवढ्या उंचीवर माल डोक्यावरून आणायचा आणि गिऱ्हाईक घोड्यावरून फिरणार? त्या रांगांमध्ये पुढे खोली, मागे खोल्या, चढायला पायऱ्या. ही राहण्याची किंवा कचेरीची जागा असावी असं मांडणारे अभ्यासक आहेत. जोतं उंच असण्याला रायगडाचा पाऊस पुरेसा आहे. हिरकणीची गोष्ट गोड आहे, पण समकालीन कागदात ती कुठे सापडत नाही. 1674 ला हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सेंडन लिहून ठेवतो की दाराशी दोन हत्ती उभे होते आणि हे एवढ्या वर चढवले कसे याचं त्याला नवल वाटलं. सभासद बखरीत बत्तीस मण सोन्याच्या सिंहासनाचा उल्लेख आहे. खरं इतकं समोर असताना खोटं कशाला सांगायचं?

पाचाडकर

दफ्तरदार साहेब, खोटं हा शब्द मागे घ्या.

माझं घर पाचाडला. माझा बा डोली उचलायचा. रोपवे नव्हता तेव्हा ज्यांना चढवत नाही अशी माणसं डोलीतून वर जायची, चार खांदे आणि भर उन्हात ती वाट. बाच्या खांद्याला घट्टा पडला होता तो शेवटपर्यंत गेला नाही. रोपवे आला आणि डोलीचं काम आटलं. मी गाइड झालो. माझी आत्या वर ताक विकते. आता तुमच्यातला एक म्हणतो रोपवेवाले नकोत, दुसरा म्हणतो गाइडच्या गोष्टी नकोत. मग आम्ही काय करायचं?

गोष्टी आम्ही रचलेल्या नाहीत. आज्यानं बाला सांगितल्या, बानं मला. रोपवे जिथून सुटतो त्या वाडीचं नाव हिरकणीवाडी आहे. कागद नाही म्हणून बाई नव्हतीच, हे तुम्ही कोण सांगणार? कागद लिहायला आमच्या बायका शिकलेल्या नव्हत्या.

अजून एक. गाइड दीड तासात गुंडाळतो अशी लोकांची तक्रार असते, पण त्याला घाई कोण करतं? बसबरोबर आलेला माणूस हातात घड्याळ घेऊन उभा असतो. "दरबार दाखवा, समाधी दाखवा, तीनला बस सुटणार." ऑक्सेंडन मलाही माहीत आहे साहेब. सांगायला लागलो की पाचव्या वाक्याला लोक विचारतात, सेल्फी कुठं चांगली येते.

दफ्तरदार

भावना दुखावल्या असतील तर त्याबद्दल दिलगीर, पण मुद्दा सोडणार नाही. वाडीला नाव आहे म्हणून घटना सिद्ध होत नाही. 'अशी आख्यायिका आहे' हे तीन शब्द आधी लावायला किती श्वास लागतो? शाळेची पोरं ऐकून जातात आणि पुढे तोच इतिहास होतो. पुढच्या वेळी कुणी सांगेल की सिंहासन अजून गंगासागरात आहे. सांगतातच.

सह्यभटका

दफ्तरदार, इथे मात्र मी पाचाडकरदादांच्या बाजूने. तुम्ही पुण्यात पंख्याखाली बसून त्यांना पुरावे मागताय.

दफ्तरदार

मी कल्याणला राहतो, आणि पुरावा मागायला पंखा बंद करावा लागत नाही. तुम्हाला महादरवाज्याची युद्धरचना समजली ती कुणीतरी मोजमापं घेऊन लिहून ठेवली म्हणूनच ना? मग बाजारपेठेलाच गोष्ट का चालते?

पाचाडकर

जोतं पावसासाठी उंच, हे तरी कुठल्या कागदात आहे? तुमचाही अंदाजच ना?

दफ्तरदार

अंदाज आहे, आणि मी तो अंदाज म्हणूनच सांगतो. फरक तोच आहे.

ठाण्याच्या काकू

तुमची बाजारपेठ चालू द्या. मला एक विचारायचंय. राणीवशाच्या जोत्यांवर गाइड कौतुकाने दाखवतात की प्रत्येक महालाला वेगळा शौचकूप होता, पाणी बाहेर जायला वाट होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी! आणि आमच्या महिला मंडळाच्या सहलीत बायका पहाटेपासून पाणी प्यायल्या नव्हत्या. ठाण्याहून साडेचारला बस निघाली, वाटेतल्या धाब्यावर जे होतं त्याला कडी नव्हती. वर ज्या स्वच्छतागृहापाशी गेलो तिथे त्या दिवशी रांग होती आणि नळाला पाणी नव्हतं. एकीला दरबारात चक्कर आली. ऊन लागलं म्हणाले सगळे. ऊन नव्हे, ती पाणीच प्यायली नव्हती.

जुलै 2025 मध्ये आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, पेढे वाटले. रोपवे की पायऱ्या यावर शंभर प्रतिसाद येतील, या विषयावर किती येतात बघते.

सह्यभटका

काकू, ट्रेकला मुली येतात, त्यांची तक्रार कधी ऐकली नाही.

ठाण्याच्या काकू

तुम्हाला सांगणार आहेत का त्या? आपल्या बहिणीला विचारा आणि मग इथे या.

नभा

सह्यभटका, हा प्रतिसाद खरंच लिहायला नको होता. आमच्या बसमध्येही हेच झालं. आईने औषधाची गोळी घोटभर पाण्यावर घेतली, कारण पुढे कुठे जागा मिळेल याची खात्री नव्हती.

सहलीवाला

मी छोट्या सहली नेतो, म्हणून थोडं बोलतो. पाचाडकरदादांचा राग आम्हा मंडळींवर आहे आणि तो चुकीचा नाही. पण गिऱ्हाईक काय मागतं तेही ऐका. जाहिरातीत नुसतं 'रायगड दर्शन' लिहिलं की फोन येतो, "एवढ्या पैशात एकच ठिकाण? अजून काय दाखवणार?" मग परतीला पालीचा गणपती घालावा लागतो. पाली घातली की तीनला खाली उतरावं लागतं. त्यात सुट्टीच्या दिवशी रोपवेच्या रांगेत दोन तास गेले तर वर उरतो दीड तास. मी दोनदा नुसता रायगड ठेवून पाहिला, बस अर्धी रिकामी गेली.

वर काय बघायचं हेही लोकांना माहीत नसतं. "महाल कुठंय?" म्हणून चिडतात. मे 1818 मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आग लागली, लाकडी वाडे जळाले, म्हणून आज जोती दिसतात, हे बसमध्येच सांगितलं तर वर गेल्यावर चिडचिड होत नाही. मी सांगतो. मागच्या सीटवर तोवर अंताक्षरी सुरू झालेली असते.

नभा

मग पाली काढा आणि बस अर्धी का होईना, मंगळवार-बुधवारी न्या. निवृत्त माणसांना रविवारच कशाला हवा? आमच्या सहलीत आठवड्याचा मधला वार होता, रांग नव्हती, चार तास वर मिळाले. मूळ पोस्टवाल्याने रागवायचं तर या दीड तासावर रागवावं. म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यावर कसला राग काढायचा?

सह्यभटका

बरं. रोपवे बंद करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही, ज्येष्ठांसाठी आणि अपंगांसाठी तो हवा, घ्या लिहून. बहिणीला विचारलं. काकूंचं बरोबर निघालं, आणि वर तिने मलाच झापलं.

पण सुट्टीच्या दिवशी वर एका वेळी किती माणसं असावीत याला मर्यादा हवी, यावरून हटणार नाही. पायऱ्यांनी येणाऱ्यांनाही ती लागू करा, माझी हरकत नाही. आणि ज्यांचे पाय धड आहेत त्या पंचविशीतल्या पोरांनी रोपवेत ज्येष्ठांची जागा अडवू नये. त्यांना मी सांगणारच, येताना तरी पायऱ्यांनी उतरा.

पाचाडकर

मर्यादा घाला, पण आधी आमच्या वाड्यांमध्ये येऊन विचारा. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांच्या कमाईवर इथं आठवडा निघतो. एप्रिल-मेमध्ये आमच्या बायका हंडे घेऊन पाण्याला किती लांब जातात तेही येताना बघा.

दफ्तरदार साहेब, 'असं सांगतात' हे मी हिरकणीच्या आधी लावीन. लावायला हरकत नाही. बाजारपेठेला नाही लावणार.

दफ्तरदार

हिरकणीपुरतं चालेल, आभार. बाजारपेठेचं असं करू, मी डिसेंबरात येतो, टेप घेऊन. तुम्ही घोडा आणा. जोत्याची उंची आणि घोड्याच्या पाठीची उंची दोन्ही मोजू, पायऱ्या कुठे आहेत तेही बघू, आणि जे निघेल ते आकड्यांसकट इथेच लिहू.

पाचाडकर

या. घोडा महाडहून आणावा लागेल, भाडं अर्धं-अर्धं. आणि रविवारी येऊ नका.