मदत हवी आहे : पॉलिमरचा लेप दिलेला क्वार्ट्झ सेन्सर टोल्युइनचे बाष्प काढून घेतल्यावरही मूळ वारंवारितेवर परतत नाही

नमस्कार.

क्वार्ट्झ क्रिस्टलवर पॉलिमरचा पातळ थर देऊन त्याच्या साहाय्याने टोल्युइन या द्रावकाचे बाष्प मोजण्याचा प्रयत्न मी गेले काही महिने करते आहे. थरात बाष्प शिरून क्रिस्टलवरील वस्तुमान वाढले, की त्याच्या कंपनाची वारंवारिता उतरते, आणि ती घटच मी मोजते. सेन्सर प्रतिसाद देतो, परंतु त्या प्रतिसादावर विसंबून एखादा आकडा लिहावा, अशी स्थिती अजून आलेली नाही. चूक नेमकी कोठे होते आहे हे मला उलगडत नसल्यामुळे संपूर्ण मांडणी तपशिलाने देते. एखादी बाब अनावश्यक वाटली तरी कृपया वाचावी, कारण कोणती बाब अनावश्यक आहे हेच मला अद्याप ठरवता आलेले नाही.

क्रिस्टल १० मेगाहर्ट्झचा, एटी छेदाचा (म्हणजे ठरावीक कोनात कापलेला) आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सोन्याचे इलेक्ट्रोड आहेत. पीडीएमएस, म्हणजे सिलिकोन रबर ज्यापासून बनते ते पॉलिमर, हेक्झेनमध्ये विरघळवून मी एअरब्रशने एका बाजूवर फवारले आणि रात्रभर ६० अंश सेल्सिअसला ठेवून हेक्झेन घालवले. थर स्थिर झाल्यावर वारंवारितेतील एकूण घट १० किलोहर्ट्झ भरली. साउअरब्रे यांच्या १९५९ च्या समीकरणाप्रमाणे अशा क्रिस्टलवर १ हर्ट्झची घट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.४ नॅनोग्रॅम वस्तुमान. त्या हिशेबाने थराची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरच्या किंचित आत येते. पीडीएमएस निवडण्याचे कारण असे, की त्याचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखे कडक होते ते तापमान, उणे १२५ अंशांच्या आसपास असल्याने खोलीच्या तापमानाला ते पूर्णपणे रबरी असते आणि बाष्पाचे रेणू त्यात सहज ये-जा करतात. याआधी पीएमएमए, म्हणजे अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिक, वापरून पाहिले होते. ते १०० अंशांच्याही वरपर्यंत काचेसारखे कडक राहत असल्यामुळे त्यात एकदा शिरलेल्या बाष्पाला बाहेर येता येत नव्हते.

टोल्युइन २५ अंशांच्या पाणकुंडात ठेवलेल्या बबलरमध्ये, म्हणजे द्रवातून वायूचे बुडबुडे सोडण्याच्या पात्रात, आहे. त्यातून येणारा संपृक्त नायट्रोजन कोरड्या नायट्रोजनमध्ये मिसळून मी १००० पीपीएम (दशलक्ष भागांत १००० भाग) तयार करते. एकूण प्रवाह मिनिटाला १०० मिलिलिटर, सेन्सरच्या कक्षाचे आकारमान ५० मिलिलिटर. मिश्रण होते तेथपर्यंतची नळी स्टेनलेस स्टीलची आहे. पुढे कक्षापर्यंत, जोडणी सोयीची व्हावी म्हणून, सुमारे ३० सेंटिमीटर लवचीक सिलिकोन नळी आहे.

१००० पीपीएम टोल्युइन म्हणजे घनमीटरला ३.७७ ग्रॅम. पॉलिमरमधील आणि वायूतील संहतींचे गुणोत्तर, म्हणजे विभाजन गुणांक, १००० धरला आणि पीडीएमएसची घनता ०.९७ धरली, तर १० किलोहर्ट्झच्या थरावर सुमारे ३९ हर्ट्झची घट अपेक्षित आहे. प्रत्यक्षात पहिल्या पाच मिनिटांत १६ ते १८ हर्ट्झची घट होते, त्यानंतर आलेख हळूहळू उतरत राहतो आणि अर्ध्या तासानंतरही ३१ हर्ट्झच्या आसपास रेंगाळतो. शुद्ध नायट्रोजन सोडल्यावर परतीचा प्रवास तसाच मंद असतो. मूळ रेषेजवळ येण्यास ४० मिनिटांहून अधिक वेळ लागतो. थर जाड झाला असावा असे वाटून मी ५ किलोहर्ट्झचा, म्हणजे निम्म्या जाडीचा, दुसरा क्रिस्टल तयार केला. प्रतिसाद निम्मा झाला, परंतु परतीचा वेळ मात्र जवळजवळ तेवढाच राहिला. थरात हेक्झेन उरले असेल म्हणून तो आणखी एक रात्र तापवला, तरीही फरक पडला नाही.

दुसरी अडचण आर्द्रतेची आहे. कोरड्या नायट्रोजनऐवजी ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेचा नायट्रोजन सोडला, तर टोल्युइन मुळीच नसताना वारंवारिता ८ ते १० हर्ट्झने उतरते. पीडीएमएस पाणी जवळजवळ घेत नाही असे मी वाचले होते, मग ही घट कशाची?

माझे प्रश्न असे : परतीचा विलंब पॉलिमरमुळे आहे की अन्य कशामुळे, आर्द्रतेचा परिणाम वेगळा कसा काढावा, आणि १०० पीपीएमपर्यंत खाली जायचे असल्यामुळे थर दुप्पट जाड करून संकेत वाढवणे योग्य ठरेल काय? १०० पीपीएमला अपेक्षित घट जेमतेम ४ हर्ट्झ असल्याने हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत निकडीचा आहे.

प्रतिसाद १

आपण दिलेल्या माहितीतच पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. विसरणाला, म्हणजे रेणू थरातून पसरत जाण्याला, लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विलंब थरामुळे असता, तर जाडी निम्मी केल्यावर तो एक चतुर्थांश व्हायला हवा होता. आपल्याकडे तो बदललाच नाही. शिवाय अर्ध्या मायक्रोमीटरच्या रबरी पीडीएमएसमधून टोल्युइन बाहेर पडण्यास सेकंदाचा अंशही पुरतो. म्हणजे थर निर्दोष आहे आणि तो जे बाष्प त्याच्यापर्यंत पोहोचते तेच प्रामाणिकपणे दाखवतो आहे. कक्षही दोषी नाही : ५० मिलिलिटर आकारमान आणि मिनिटाला १०० मिलिलिटर प्रवाह असताना अडीच-तीन मिनिटांत तो धुऊन निघतो.

आता आपल्या ३० सेंटिमीटर नळीकडे पाहावे. सिलिकोन नळी ही मुख्यतः पीडीएमएसचीच असते. तिचा आतील व्यास ४ आणि बाहेरील ६ मिलिमीटर धरला, तर तेवढ्या लांबीत साडेचार घन सेंटिमीटरांहून अधिक रबर आहे. आपल्या क्रिस्टलवर हेच पॉलिमर जेमतेम काही मायक्रोग्रॅम आहे. विभाजन गुणांक १००० असेल, तर ते साडेचार घन सेंटिमीटर रबर साडेचार लिटर वायूतील टोल्युइन स्वतःत सामावून घेऊ शकते, आणि मिनिटाला १०० मिलिलिटर प्रवाहाने तेवढा वायू पुरवण्यास पाऊण तास लागतो. आपला विलंबही तेवढाच आहे, हा मला योगायोग वाटत नाही. नळीच्या भिंतीतून काही टोल्युइन बाहेरच्या हवेत निसटत असणार, म्हणूनच ३९ ऐवजी ३१ हर्ट्झवर आलेख अडला असावा.

ती नळी काढून तेथे पीटीएफईची (टेफ्लॉनची) किंवा स्टीलची नळी लावावी आणि जोडण्यांमधील रबरी चकत्याही तपासाव्यात. मात्र त्याआधी एक पडताळणी करावी असे मी आग्रहाने सुचवीन. प्रयोग संपल्यावर सिलिकोन नळी दोन्ही टोके बंद करून तासभर तशीच ठेवावी, कक्ष स्वतंत्रपणे धुऊन घ्यावा, आणि मग त्या नळीतून केवळ शुद्ध नायट्रोजन कक्षात सोडावा. वारंवारिता उतरली, तर वेगळ्या पुराव्याची गरज राहणार नाही.

प्रतिसाद २

आर्द्रतेविषयी लिहितो. २५ अंशांना ६० टक्के सापेक्ष आर्द्रता म्हणजे घनमीटरला सुमारे १४ ग्रॅम पाणी. १०० पीपीएम टोल्युइन म्हणजे ०.३८ ग्रॅम. आपल्याला जे मोजायचे आहे त्याच्या छत्तीस पटींहून अधिक पाणी त्याच हवेत असते, त्यामुळे पॉलिमरला पाण्याचे वावडे असले तरी एवढ्या पाण्यातील अल्प अंशदेखील दिसून येतो. त्याखेरीज आपला लेप एकाच बाजूवर आहे. दुसऱ्या बाजूचे उघडे सोने आणि क्वार्ट्झचा काठ यांवरही पाण्याचे रेणू बसतात. लेप नसलेला, त्याच प्रकारचा क्रिस्टल त्याच कक्षात शेजारी बसवून दोन्हींची वारंवारिता एकाच वेळी नोंदवावी. त्या क्रिस्टलची घट वजा केल्यावर जे उरेल, ते बहुतांशी थरातले पाणी. तापमानाच्या लहान चढउतारांचा क्रिस्टलवरील परिणामही या वजाबाकीत निघून जातो, परंतु थराचा स्वतःचा विभाजन गुणांक तापमान एक अंशाने वाढल्यास साधारण चार-पाच टक्क्यांनी घटतो आणि तो परिणाम या मार्गाने निघत नाही. त्यासाठी बबलरप्रमाणेच कक्षाचेही तापमान स्थिर ठेवणे भाग आहे.

नॅफिऑनच्या, म्हणजे पाण्याची वाफ आरपार जाऊ देणाऱ्या पॉलिमरच्या, नळीतून वायू नेऊन तो वाळवण्याचा मार्गही आहे. टोल्युइन तिच्यातून निभावून जाते. पुढे कधी अल्कोहोल किंवा अमोनिया मोजायचा झाला, तर मात्र ती नळी पाण्याबरोबर त्यांनाही काढून टाकते, हे ध्यानात असू द्यावे.

थर दुप्पट करण्याबाबत मी सावध राहीन. साउअरब्रे यांचे समीकरण पातळ आणि ताठ थरासाठी आहे. पीडीएमएस मऊ आहे. मऊ थराची जाडी त्यातील शिअर लहरीच्या (पृष्ठभागाला समांतर सरकवणाऱ्या कंपनाच्या लहरीच्या) पाव तरंगलांबीकडे जाऊ लागली, की थर क्रिस्टलच्या पृष्ठभागाबरोबर एकसंध हलत नाही, वारंवारितेतील बदल वस्तुमानाचा राहत नाही, आणि टोल्युइनने थर आणखी मऊ झाल्यावर तो बदल कोणत्याही दिशेला जाऊ शकतो. १० मेगाहर्ट्झला पीडीएमएससाठी ही मर्यादा एका मायक्रोमीटरच्या आसपासच येऊ शकते आणि आपला दुप्पट थर नेमका तेथे पोहोचेल. जाडी वाढवायचीच असेल, तर प्रत्येक टप्प्यावर क्रिस्टलचा गतिज रोध, म्हणजे कंपनातील ऊर्जाहानी दाखवणारा विद्युत रोध, मोजावा. तो झपाट्याने वाढू लागला की थांबावे. त्यापेक्षा तेवढ्याच जाडीचा थर दुसऱ्या बाजूवरही द्यावा, म्हणजे संकेत दुप्पट होईल आणि थर पातळच राहील. वारंवारिता मोजणीचा अवधी १ सेकंदावरून १० सेकंदांवर नेल्यास साध्या वारंवारिता-गणकावरही ०.१ हर्ट्झपर्यंतचा फरक वाचता येतो.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ती नळी मी स्वतः हाताने कापून बसवली होती आणि तिच्याकडे केवळ जोडणी म्हणूनच पाहत होते.

सुचवलेली पडताळणी आधी केली. तासभर बंद ठेवलेल्या नळीतून शुद्ध नायट्रोजन सोडताच दीड मिनिटात ११ हर्ट्झची घट दिसली. बबलरची झडप त्या वेळी पूर्ण बंद होती. त्यानंतर पीटीएफईची नळी लावून तोच प्रयोग तीनदा केला. १००० पीपीएमला आता ३७ हर्ट्झची घट येते, आलेख तीन मिनिटांत सपाट होतो आणि परतही साधारण तेवढ्याच वेळात येतो. आधीच्या सर्व नोंदी मी बाजूला ठेवल्या आहेत, कारण त्यांत थराचे किती आणि नळीचे किती हे आता वेगळे काढता येणार नाही.

लेप नसलेला क्रिस्टल शेजारी बसवल्यावर ६० टक्के आर्द्रतेच्या घटीतील निम्म्याहून अधिक वाटा त्याच्यावरही दिसला. उरलेली घट ३ ते ४ हर्ट्झ आहे, म्हणजे १०० पीपीएम टोल्युइनच्या संकेताएवढीच, त्यामुळे वायू वाळवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही हे स्पष्ट झाले. दुसऱ्या बाजूवर थर देण्याचे काम सुरू केले आहे. दोन्ही बाजूंचे थर झाल्यावर गतिज रोधाची मोजणी आणि १०० पीपीएमचे आलेख याच धाग्यात देईन.