बोट घालू नका, पाठीत थापा मारा

लहान मुलाच्या घशात द्राक्ष अडकलं तर बोट घालून काढावं, असं काही जण सुचवतात. कृपया नको. न दिसता बोट फिरवलं की ते आणखी आत सरकतं आणि बुचासारखं बसतं. स्पष्ट दिसत असेल तरच चिमटीत धरून काढा.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाणी पाजू नका. आवाजच फुटत नसेल तर मात्र थांबायचं नाही. वर्षाच्या आतलं बाळ आपल्या हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा धरलेला (गळा दाबला जाऊ नये). तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन खांद्यांच्या मधे 5 थापा. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर 5 दाब. आलटूनपालटून. बाळाचं पोट दाबायचं नाही, यकृताला इजा होऊ शकते. वर्षावरच्या मुलाला पाठीत 5, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या जरा वर 5 झटके, आत आणि वरच्या दिशेने. दुसऱ्याने 108 लावायचा. शुद्ध हरपली तर सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू.

हे शिकायला प्रथमोपचाराच्या क्लासला जाणार असाल, तर तिथे सरावासाठी बाळाचा वेगळा पुतळा हाताळायला देतात का, हे आधी विचारा; नुसत्या स्लाइड बघून थापेचा जोर कळत नाही. आणि नाशकात फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी द्राक्षं असतातच. 5 वर्षांखालच्यांना उभी चिरून, चार फोडी करून द्या. आडवी चकती गोलच राहते, तीही अडकते.