मदत हवी आहे: कृषी धोरणात जैवविविधता नेमकी कुठे बसवायची?

नमस्कार मंडळी,

एका राष्ट्रीय कृषी धोरणाच्या मसुद्यावर आमच्या गटाला हरकती-सूचना पाठवायच्या आहेत आणि लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. माझा विषय वनस्पतिशास्त्र, धोरणाच्या भाषेत मी अगदीच कच्ची. मसुद्यात जैवविविधतेवर स्वतंत्र प्रकरण आहे, शेवटून दुसरं. 'प्रोत्साहन देण्यात येईल', 'जनजागृती करण्यात येईल' अशा वाक्यांचं. त्याने कुणाचं काही बिघडणार नाही आणि घडणारही नाही. खरी गोम आधीच्या प्रकरणांत आहे.

अनुदानासाठी क्षेत्र कसं मोजायचं, तेच बघा. पेरलेलं तेवढंच धरायचं. झुडपी बांध, ओढ्याकाठची पट्टी, पाणथळ कोपरा वजा. म्हणजे ज्याने बांध राखला त्याला पैसे कमी, ज्याने त्यावर नांगर घातला त्याला जास्त. त्या बांधावर काय असतं? कोथिंबिरीसारख्या छत्रीदार, उथळ फुलांवर सिर्फिड माशी येते. तिचं तोंड आखूड, खोल फुलातला मध तिला मिळत नाही. पोट भरलं की ती पिकात शिरून मावा लागलेल्या पानावर अंडी घालते आणि तिच्या अळ्या मावा फस्त करतात. बांध गेला की माशी गेली. मग फवारणी आली, आणि कीटकनाशकांना सवलत याच मसुद्यात चार पानं पुढे!

आंतरराष्ट्रीय आधार म्हणून मला डिसेंबर २०२२ चा कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखडा, म्हणजे जैवविविधता जपण्याचा देशादेशांतला करार, सापडला. त्याच्या २३ उद्दिष्टांपैकी शेतीचं थेट उद्दिष्ट दहावं, पण मला अठरावं जास्त कामाचं वाटतं: जैवविविधतेला मारक ठरणारी अनुदानं २०३० पर्यंत वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरने कमी करणं. हे देता येईल ना? की 'अनुदान कमी' हे शब्द दिसले की पुढचं कोणी वाचतच नाही?

त्यावर तोड म्हणून इंडोनेशियाचं उदाहरण घालायचा विचार आहे. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांचा कहर झाला होता. हे तुडतुडे अंडी पानाच्या आवरणाच्या आत घालतात, त्यामुळे फवाऱ्यातून ती वाचायची आणि कोळी वगैरे मित्रकीटक मात्र मरायचे. १९८६ मध्ये सरकारने ५७ कीटकनाशकं भातावर वापरायला बंदी घातली, पुढच्या काही वर्षांत त्यांवरचं अनुदानही संपवलं आणि शेतकऱ्यांना शेतातच किडी व मित्रकीटक मोजायला शिकवलं. म्हणजे इथे संवर्धनाने सरकारचा पैसा वाचला. वित्त खात्याला ही भाषा कळावी.

अडलंय ते दोन ठिकाणी. शेतातल्या जैवविविधतेचं मोजमाप कसं करायचं? आणि बियाण्यांचं काय? वाणाच्या नोंदणीसाठी वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थैर्य मागतात. स्थानिक वाणात एका ओळीतली दोन रोपं सारखी नसतात, तोच त्याचा गुण, आणि नोंदणीत त्याच गुणावर ते नापास. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

मोजमापाबद्दल: आयर्लंडच्या बरेन भागातली पद्धत बघा. चुनखडीच्या माळावरच्या गवताला गुण देतात आणि गुणांवर पैसे ठरतात. कसं चारायचं ते शेतकरी ठरवतो. तिथे हिवाळी चराई थांबली की हेझलची झुडपं माजतात आणि रानफुलं दबतात. तेव्हा 'जमिनीला हात लावू नका' असं मसुद्यात सुचवू नका, हसं होईल. सक्तीची टक्केवारीही जपून सुचवा. स्वित्झर्लंडमध्ये थेट मदत हवी तर साधारण ७ टक्के शेतजमीन जैवविविधतेसाठी ठेवावी लागते आणि ते वर्षानुवर्षं चाललंय. युरोपीय संघाची ४ टक्के पडीक ठेवायची अट मात्र शेतकऱ्यांच्या आंदोलनांनंतर २०२४ मध्ये मागे घ्यावी लागली. माझ्या मते फरक पैशाचा आहे: एकीकडे मोबदला वेगळा दिसतो, दुसरीकडे नुसती अट.

प्रतिसाद २

बियाण्यांसाठी युरोपीय संघाचा २००८ चा निर्देश चाळा. स्थानिक 'संवर्धन वाणां'ना नोंदणीत सूट आहे, पण किती बियाणं विकायचं आणि कुठे पिकवायचं यावर मर्यादा आहेत. तुम्ही सूट मागा, मर्यादा आपणहून लिहून देऊ नका. 'हे वाण ठेवून करायचंय काय' असं विचारलं तर भातावरच्या ग्रासी स्टंट विषाणूची गोष्ट सांगा. हजारो नमुने तपासल्यावर रोगाला दाद न देणारा सापडला तो एका रानटी भाताचा, ओरायझा निवारा, आणि त्यातूनच पुढे रोगप्रतिकारक वाण निघाले.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शेवटून दुसऱ्या प्रकरणाला मी हात लावत नाही, थेट व्याख्येच्या कलमात वाक्य घालतेय: 'पात्र क्षेत्र म्हणजे पेरलेली जमीन, तसेच तिला लागून असलेले बांध, झुडपांच्या ओळी, ओढ्याकाठच्या पट्ट्या व पाणथळ जागा.' आता 'लागून असलेले' म्हणजे किती मीटरपर्यंत? ही रुंदी मोकळी सोडली तर अंमलबजावणीच्या वेळी कोणीतरी अर्धा मीटर धरेल अशी भीती वाटते. कोणी असं कलम प्रत्यक्ष लिहिलंय का?