मदत हवी आहे: गेटवर नऊ दिवस ठिय्या, माल अडकलाय, आधी काय करू?

प्लांट_इनचार्ज
आज नववा दिवस. गेटसमोर पंचवीस-तीस जण बसलेत. फलक, घोषणा, रोज संध्याकाळी एक व्हिडिओ. कामगारांना अडवत नाहीत, पण ट्रक दिसला की रस्त्यावर आडवे. तयार माल पडून आहे आणि दोन ग्राहकांनी उशिराबद्दल दंडाची नोटीस पाठवली आहे. आमच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत, सगळे रिपोर्ट मर्यादेत आहेत. मॅनेजमेंट म्हणतं, तू बघ. मनाई हुकूम, पीआर एजन्सी की चर्चा? कृपया लवकर सांगा, सोमवारी मला वर उत्तर द्यायचंय.

सरळरेषा
कारखाना कशाचा? मागणी काय? बसलेले आसपासचे आहेत की बाहेरच्या संघटनेचे? यातलं एकही लिहिलेलं नाही. कोणाला काय सांगायचं मग?

जुना_वकील
मनाई हुकूम घ्या, पण वाहनं अडवण्यापुरता. शांतपणे बसणं आणि रस्ता अडवणं यांत कोर्ट बहुतेक ठिकाणी फरक करतं. "यांना इथून हाकला" असा अर्ज केलात तर हातचं जाईल. किती वाजता कोणता ट्रक आला, किती वेळ थांबला, याची नोंद आजपासून ठेवा, फोटोसकट.
आणि अब्रुनुकसानीच्या वाटेला जाऊ नका. मॅकडोनाल्ड्सने १९९० साली लंडनच्या दोन कार्यकर्त्यांवर एका पत्रकावरून दावा लावला. १९९७ मध्ये निकाल बऱ्याच मुद्द्यांवर कंपनीच्या बाजूने लागला, पण तोवर ते पत्रक जगभर पोचलं होतं. काही आरोप तर न्यायाधीशांनी खरेच ठरवले. पुढे २००५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की त्या दोघांना ब्रिटनमध्ये न्याय्य सुनावणी मिळालीच नाही.

ठामपणे
असहमत. नमतं घेतलं की रोज नवे येतात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात २०२५ मध्ये ज्युरीने पाइपलाइन कंपनीच्या बाजूने ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेवर ६६ कोटी डॉलरहून जास्त भरपाई लावली. असा एक दणका बसला की बाकीचे आपोआप गप्प बसतात.

जुना_वकील
@ठामपणे, ते आंदोलन २०१६ चं. ज्युरीचा निकाल २०२५ चा आणि त्यानंतर न्यायाधीशांनी ती रक्कम जवळपास निम्म्यावर आणली. यांचा ट्रक आज उभा आहे. शिवाय टीकाकारांना खटल्यांनी थकवण्याविरुद्ध युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देशच काढलाय. आपल्या देशात काय चालतं ते आधी बघून घ्यावं.

विमेकरी
पॉलिसी काढून बघा. व्यवसाय खंडित होण्याचं कलम बहुतेक वेळा मालमत्तेच्या प्रत्यक्ष नुकसानीला जोडलेलं असतं. नुसता रस्ता अडला तर त्यात पैसे मिळत नाहीत. ग्राहकांच्या करारातलं अनपेक्षित आपत्तीचं कलमही वाचा. त्यात "आंदोलन" शब्द आहे की फक्त "संप", यावर दंड अवलंबून असेल.

प्लांट_इनचार्ज
कागदाचा कारखाना. लगदाही आम्हीच करतो. बसलेले बहुतेक नदीच्या खालच्या अंगाच्या वस्तीतले, तिघे-चौघे बाहेरचे. मागणी "नदी सोडा". आता नदी सोडा म्हणजे काय करायचं? तपासणीचे बारा महिन्यांचे रिपोर्ट आहेत, एकही आकडा वर नाही. मला ट्रक बाहेर काढायचेत, बाकी नंतर.

पाणीतपासनीस
लगदा करता म्हटल्यावर विचारतो. रिपोर्टमध्ये बीओडी (जिवाणू घाण पचवताना किती ऑक्सिजन खातात), सीओडी (तेच रसायनाने मोजलेलं), पीएच (आम्लता) असेल. रंग आहे का?
लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू जोडून धरणारं आणि पाण्याला तपकिरी करणारं द्रव्य, जिवाणूंना सहज पचत नाही. त्यामुळे बीओडी मर्यादेत येतो आणि पाणी तपकिरीच राहतं. मी अशा प्लांटवर अकरा वर्षं काढली आहेत. आम्ही रिपोर्ट दाखवायचो, लोक नदी दाखवायचे. दोघांचंही खरं असायचं.
दुसरं, नमुना कसा घेता? एका क्षणाचा की चोवीस तासांचा एकत्र? सकाळी अकराचा नमुना स्वच्छ आणि मध्यरात्री टाकी धुतल्यावरचं पाणी वेगळं, असं होऊ शकतं.

संवाद_सेतू
पीआर एजन्सीवर पैसे घालवू नका. २०१० मध्ये पाम तेलावरून ग्रीनपीसने नेस्लेविरुद्ध व्हिडिओ काढला. कंपनीने कॉपीराइटचं कारण देऊन तो काढायला लावला आणि तो आणखी पसरला. दोनच महिन्यांत कंपनीला जंगलतोड टाळणाऱ्या खरेदीचं धोरण जाहीर करावं लागलं. तुम्हीही कॉमेंट पुसत बसू नका.

उत्तरसागर
१९९५ चं ब्रेंट स्पार आठवलं. शेल या तेल कंपनीला तेल साठवायची जुनी तरंगती टाकी समुद्रात बुडवायची होती, ब्रिटिश सरकारची परवानगीही होती. ग्रीनपीसचे लोक त्यावर चढले, जर्मनीत पेट्रोल पंपांवर बहिष्कार पडला, जूनमध्ये शेलने बेत सोडला. परवानगी हातात असणं आणि लोकांना पटलेलं असणं वेगळं.

ठामपणे
@उत्तरसागर, अर्धीच गोष्ट का सांगता? आत किती तेल उरलंय याचा ग्रीनपीसचा अंदाज चुकला होता आणि त्यांनी त्याच वर्षी माफी मागितली. ओरडणाऱ्याचं बरोबर असतंच असं नाही.

उत्तरसागर
माफी मागितली, मान्य. पण बुडवायला त्यांचा विरोध फक्त त्या आकड्यामुळे नव्हता. आणि स्पारचे तुकडे पुढे नॉर्वेत धक्का बांधायला वापरले गेले. दुसरा मार्ग होताच, शोधला उशिरा.

भागधारक_मित्र
खरी जोखीम भागधारकांकडून येते. २०२१ मध्ये इंजिन नंबर वन नावाच्या छोट्या फंडाने एक्सॉनमोबिल या बड्या तेल कंपनीच्या संचालक मंडळात तीन जागा जिंकल्या. गुंतवणूकदारांशी बोलणं आधी सुरू करा.

सरळरेषा
@भागधारक_मित्र, त्यांचे ट्रक गेटवर अडलेत, संचालक मंडळात नाही. @प्लांट_इनचार्ज, एवढंच सांगा: बसण्याआधी त्यांनी काही लिहून दिलं होतं का? कोणाकडे? उत्तर गेलं का?

प्लांट_इनचार्ज
एक निवेदन आलं होतं म्हणे. मी इथे पाच महिन्यांपूर्वी आलो, ते माझ्या आधीचं असावं. शोधतो.

प्लांट_इनचार्ज
सापडलं. एक नाही, तीन. पहिलं आठ महिन्यांपूर्वीचं, शेवटचं दोन महिन्यांपूर्वीचं, म्हणजे माझ्याच काळातलं. तिन्हींवर आमचा "मिळाले" शिक्का आहे, जावक रजिस्टरमध्ये एकाचंही उत्तर नाही. गेटच्या केबिनच्या कपाटात निवेदनांसोबत एक काचेची बाटली होती, झाकण सुतळीने बांधलेलं, कागदी पट्टीवर तारीख, वेळ आणि "घाटाची तिसरी पायरी" असं हाताने लिहिलेलं. पाणी तपकिरी आहे, तळाशी गाळ. वॉचमन म्हणाला, एक बाई ठेवून गेल्या, साहेबांना द्या म्हणाल्या, कोणी घेतलीच नाही.
वेळ पहाटे सव्वातीनची आहे. टाकी आम्ही रात्रपाळीतच धुतो.

पाणीतपासनीस
बीओडीसाठी ती बाटली आता बाद. नमुना थंड ठेवून दोन दिवसांच्या आत तपासायला घ्यावा लागतो. पण फेकू नका. वेळ लिहून ठेवणारं माणूस तुमच्या प्रयोगशाळेपेक्षा नीट काम करतंय.

संवाद_सेतू
आज संध्याकाळी स्वतः बाहेर जा. वकील नको, कॅमेरा नको. तीन निवेदनांना उत्तर दिलं नाही, ही चूक आमची, हे पहिलं वाक्य. ट्रकचा विषय तुम्ही काढू नका. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तक्रार निवारणाची यंत्रणा कंपनीच्या पातळीवरही हवी असं म्हटलंय ते यासाठीच. तक्रार कोणाकडे द्यायची आणि किती दिवसांत उत्तर येणार, हे लोकांना आधी माहीत हवं.

ठामपणे
जा, पण चूक लेखी देऊ नका. पुढे कोर्टात तेच वापरतील.

जुना_वकील
उत्तर दिलं नाही हे कबूल करणं म्हणजे प्रदूषण केलं हे कबूल करणं नव्हे. बोलायला हरकत नाही. मनाई हुकमाचा अर्ज मात्र तोवर थांबवा, एका हाताने दोन्ही होत नाही.

प्लांट_इनचार्ज
जाऊन आलो. दोन तास. बाटली सोबत नेली होती. ज्या बाईंनी ठेवली त्या तिथेच होत्या, त्यांनी ती हातात घेऊन पट्टी वाचली आणि "हीच" एवढंच म्हणाल्या. बाहेरचे तिघे आधी बोलू देत नव्हते, मग वस्तीतल्यांनीच त्यांना गप्प केलं.
ट्रक अजून सुटलेले नाहीत. टाकी धुण्याची वेळ आणि रात्रीचे आकडे लेखी हवेत, त्यानंतर बघू म्हणतात. कंपनीच्या प्रयोगशाळेवर विश्वास नाही. एकाच नमुन्याचे दोन भाग करून एक त्यांच्या पसंतीच्या प्रयोगशाळेत द्यायला मी हो म्हणालो, वर न विचारता. सोमवारी तेच सांगणार आहे. नमुना घेताना काय सांभाळायचं?

पाणीतपासनीस
टाकी धुताना घ्या, नंतर नाही. एकाच बादलीत ढवळून दोन्ही बाटल्या त्यातूनच भरा. बीओडीची बाटली काठोकाठ, आत हवा राहू देऊ नका. पीएच जागेवरच मोजा आणि दोघांच्या वहीत लिहा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बीओडीला पद्धतीप्रमाणे तीन ते पाच दिवस लागतात हे त्यांना आत्ताच सांगा, नाहीतर रिपोर्ट दडवला असं वाटेल. आणि रंग तपासायला लिहून द्या, सांगितल्याशिवाय करत नाहीत.

प्लांट_इनचार्ज
ठरलं. आज रात्री तीन वाजता, पाइपच्या तोंडाशी. सील दोघांचं, पट्टीवर अक्षर त्या बाईंचं.