मदत हवी आहे: सावलीत वाढलेल्या पालकात जीवनसत्त्वं कमी असतात का?

नमस्कार मंडळी,

सुनेला चौथा महिना चालू आहे. फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू आहेतच, पण रोज एक पालेभाजी पोटात जायलाच हवी असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून दिवाळीनंतर बाल्कनीत सहा ग्रो बॅगांमध्ये पालक, मेथी आणि लाल माठ पेरला. माती, शेणखत, थोडं कोकोपीट, बाकी काही नाही.

अडचण उन्हाची आहे. समोर नवी इमारत झाल्यापासून नऊला आलेलं ऊन अकराला जातं. पालकाची पानं मोठी पण पातळ, देठ लांबलचक. माठ नुसताच उंच झालाय, लाली फिकी. भाजी केली की पाणचट लागते. मेथी मात्र बरी आहे.

अशा भाजीतलं क आणि अ जीवनसत्त्व खरंच कमी होतं का? बॅगा चार मजले चढवून गच्चीवर न्याव्यात का? शेजारचे काका म्हणतात चिमूटभर युरिया टाका, पण सुनेच्या पोटात जाणार म्हणून हात धजावत नाही. आणि भाजी खुडायची कधी, सकाळी की संध्याकाळी?

प्रतिसाद

ताई, युरिया नकोच. युरिया म्हणजे नत्राचं खत; नत्र जास्त झालं की पानं फोफावतात, त्यात पाणी वाढतं, क जीवनसत्त्व घटतं आणि नायट्रेट, म्हणजे झाडानं न वापरलेलं नत्र, साठतं. कमी उजेडात तर हे नायट्रेट आणखीच साठतं, म्हणजे तुमच्या बाल्कनीत दुहेरी नुकसान.

झाड क जीवनसत्त्व साखरेपासून बनवतं आणि साखर उन्हावर बनते, म्हणून सावलीत ते घटतं. कॅरोटिनचं, म्हणजे ज्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं त्याचं, तितकं वाईट नाही. ते हरितद्रव्याच्या जोडीनं असतं, त्यामुळे पान गडद हिरवं असेल तर काळजी नको.

माठ आधी वर न्या, तो कडक उन्हाचाच गडी. मग पालक. पालकाला थंडी मानवते, गार हवेत त्यात क जीवनसत्त्व जास्त भरतं, त्यामुळे आत्ताचे दिवस वाया घालवू नका. मेथी राहू दे खाली.

खुडायचं ऊन कलल्यावर, दिवसभराच्या उजेडानं नायट्रेट उतरलेलं असतं. आणि खुडली की लगेच कढईत. 100 ग्रॅम कच्च्या पालकात क जीवनसत्त्व साधारण 30 मिलिग्रॅम, पण जुडी उबेत पडून राहिली की ते भराभर जातं. घरच्या भाजीचा खरा फायदा इथे आहे. उकडून पाणी ओतू नका, फोलेटही, म्हणजे फोलिक अ‍ॅसिडचं भाजीतलं रूप, त्या पाण्याबरोबर जातं. वरून लिंबू पिळा, लोह अंगी लागेल.

धागाकर्ती

मनापासून आभार. माठाच्या दोन बॅगा मुलानं आत्ताच वर नेल्या, पालक उद्या. गच्चीवर दुपारी फरशी तापते, बॅगांखाली विटा ठेवल्या तर चालतील ना?