रामबागेतलं जुनं घर: कोटा, मोझॅक, कडाप्पा, सागवान... कशाला काय चालेल?

रामबागची_सून

नमस्कार. दिवाळीच्या आधी आम्ही इंदूरमधल्या रामबागेतल्या सासरच्या घरी राहायला जाणार आहोत. सासू-सासरे वरच्या मजल्यावर असतात. खाली बरीच वर्षं भाडेकरू होते, ते आता गेले. घर जुनं असलं तरी भक्कम आहे आणि मला ते मनापासून आवडतं, म्हणूनच काही बिघडवायचं नाहीये.

ओसरीत आणि न्हाणीघरात कोटा फरशी आहे, बैठकीत पांढऱ्या सिमेंटचं मोझॅक, त्यात लाल-काळी खडी. स्वयंपाकघरात जुना कडाप्प्याचा ओटा, त्याला जोडून नंतर केलेला काळ्या ग्रॅनाइटचा. न्हाणीघराच्या भिंतींना टाइल्स आहेत. शिवाय आजेसासऱ्यांच्या वेळचं सागवानी कपाट आणि देवघरातल्या समया.

अडचण अशी की जाताना कोणीतरी न्हाणीघर तेजाबाने (ॲसिडने) धुतलं. भिंतीच्या टाइल्स चकाचक झाल्या, पण खालचा कोटा पांढुरका पडला आणि हाताला खरखरीत लागतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी सगळं बोरिंगवर, त्यामुळे नळांवर पांढरा थर चढलाय. ऑनलाइन सगळीकडे एकच उपाय सांगतात: व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करा आणि घरभर वापरा. सासूबाई म्हणतात, रिठ्याच्या पाण्यापलीकडे काही नको. कोणाचं ऐकू?

लोकमान्यनगर_इंदूर

मी नळ आणि खिडक्यांच्या काचा व्हिनेगरनेच पुसते, छान निघतात. आमच्याकडे सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, त्यांनाही काही होत नाही. कोट्याचं मात्र माहीत नाही. काचेवर थेट फवारू नको, कपड्यावर घे. आरशाच्या कडेने पाणी मागे उतरलं की काळे डाग पडतात, ते परत जात नाहीत.

राजेंद्रनगरच्या_बाई

अगं, व्हिनेगरची बाटली आधी बाजूला ठेव. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, आणि हा विषय निघाला की मला राहवत नाही, कारण चांगल्या फरश्या डोळ्यांदेखत खराब होतात आणि लोक दोष दगडाला देतात.

कोटा म्हणजे चुनखडीचा दगड. तो कोट्याजवळच्या रामगंजमंडी भागातून येतो. कडाप्पाही चुनखडीच, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातली. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेली संगमरवराची खडी. नावं तीन, रंग तीन, पण मुख्य पदार्थ एकच: कॅल्शियम कार्बोनेट. आता तुझ्या नळावरचा थर बघ. बोरिंगच्या पाण्यात विरघळलेला चुना पाणी उडून गेलं की मागे राहतो, तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे नळावरचा डाग आणि पायाखालची फरशी या एकाच गोष्टी आहेत. जे एकाला खातं ते दुसरीला खाणारच. आम्लाला डाग कुठे संपला आणि दगड कुठे सुरू झाला हे कळत नाही.

म्हणून न्हाणीघरात तेच झालं. टाइलवर काचेसारखा लेप असतो, त्याला तेजाबाने फारसं काही होत नाही. पण दोन टाइल्समधली सांध सिमेंटची असते, ती झिजते. तिथून पाणी मागे मुरायला लागलं की भिंतीला ओल येते. सांधेवरून नख फिरवून बघ. भुसभुशीत लागली किंवा खळगे दिसले तर दिवाळीआधी गवंड्याकडून परत भरून घे. रंगकामापेक्षा हे आधी.

तुझ्याकडचा कोणता दगड कसला आहे, हे अंदाजाने ठरवू नकोस. कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाक आणि जवळून बघ, भिंग असेल तर उत्तमच. बारीक बुडबुडे आले की चुन्याचा दगड. लगेच पुसून साध्या पाण्याने धू. ग्रॅनाइटवर बुडबुडे येणार नाहीत, कारण त्यात क्वार्ट्ज आणि फेल्डस्पार असतात. तरी तुझ्या काळ्या ओट्याची परीक्षा कर, काळा चकचकीत दिसणारा प्रत्येक दगड ग्रॅनाइट नसतो. कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबू, चिंचेचा कोळ, दही, टोमॅटो सांडलं तर स्वयंपाक संपायची वाट बघू नकोस, तेव्हाच पुस. जुन्या ओट्यांवर जे फिके गोल दिसतात ना, ते वाटीच्या तळाला लागलेल्या आंबटाचे असतात. तिथे मळ बसलेला नसतो, वरची झिलई गेलेली असते. म्हणून घासून काही होत नाही.

आता तो व्हिनेगर-सोडा. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्क. एकत्र केले की एकमेकांना मारतात. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरतं ते जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी. दोघांचाही उपयोग आहे, पण वेगवेगळा. ओट्यावर किंवा शेगडीमागे चिकटलेल्या तेलासाठी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घे, खाण्याचा नव्हे. जुनं तेल हवेने आणि उष्णतेने घट्ट होऊन रोगणासारखं बसतं, साध्या साबणाला दाद देत नाही. सोड्याचं कोमट पाणी कपड्यावर घेऊन तो कपडा थोडा वेळ तिथेच ठेव, मग पुस. हातमोजे घाल. चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर तिला सोडा लावू नकोस, काळी पडते.

नळासाठी लिंबूसत्त्व पाण्यात विरघळव, त्यात फडकं भिजव, चांगलं पिळून नळाला गुंडाळ आणि वर प्लास्टिकची पिशवी बांध. खाली परात ठेव, एकही थेंब कोट्यावर जाता कामा नये. अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घास आणि परातीतच धू. सोनेरी मुलामा दिलेल्या नळांना हे करू नकोस.

रोजच्या पोछ्याला बादलीभर पाण्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे चार थेंब पुरेत, मग साध्या पाण्याचा एक हात. साबण जास्त झाला तर त्याची साय बसते आणि तिच्यावर धूळ धरते. तुझ्या सासूबाई चुकीचं सांगत नाहीयेत. रिठ्याचा फेस सौम्य असतो, फक्त पांढऱ्या मोझॅकवर त्याचा पिवळट रंग राहू देऊ नकोस, धुऊन घे. पोछ्याच्या पाण्यात मीठ टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, ती दगडासाठी चांगली नाही. मीठ छिद्रांत शिरतं, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि ते आतून दगड उकलतात.

आणि हे अगदी मनापासून सांगते, कामाला येणाऱ्या बाईलाही समोर बसवून सांग: संडासचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र नाही, एकामागोमाग एकही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहानशा न्हाणीघरात तो जीवावर बेततो. ब्लीच आणि अमोनियाही एकत्र नाही, त्यातूनही विषारी वायू निघतो. घरात उरलेलं तेजाब असेल तर त्याच्या मूळ बाटलीतच राहू दे, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधी ओतू नकोस. आपल्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, गाडीवाल्या भैयाला सांगून त्यात दे.

मोझॅक_पॉलिशवाला

ताई, बाईंनी बरोबर सांगितलं. आमच्याकडे वडिलांपासून घसाई-पॉलिशचं काम आहे, जुन्या इंदूरमधल्या बऱ्याच बैठका मी बघितल्यात. न्हाणीघरातल्या कोट्यावर आता काहीही ओतू नका. तेजाबाने वरचा गुळगुळीत थर गेला, तो कोणत्याही बाटलीने परत येत नाही. लोक खोबरेल किंवा रॉकेलचा हात मारतात, दोन दिवस काळा तुकतुकीत दिसतो, मग त्यावर धूळ बसून आणखी वाईट होतो. न्हाणीत तर घसरायची भीती. तिथे हाताच्या मशीनने हलकी घसाई करून घ्या, पण आरशासारखी चमक मागू नका. ओल्या जागी थोडा खरखरीतपणा चांगला.

बैठकीचं मोझॅक जुनं असेल तर नशीब तुमचं. त्यात खडीचा थर जाड असतो, परत घासता येतो. ६० नंबरच्या घसाईच्या दगडापासून सुरू करून १२०, मग पुढे ४०० आणि त्याच्याही वर जायचं; नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. कोणी थेट बारीक दगडापासून सुरू करून एका दिवसात देतो म्हणाला तर घाई करू नका, खालचे ओरखडे तसेच राहतात आणि उन्हाची तिरीप पडली की दिसतात. घसाईचा गाळ मोरीत जाऊ देऊ नका. तो सिमेंटसारखा घट्ट होऊन पाइप बंद करतो. बादलीत बसू द्या, वरचं पाणी ओता आणि गाळ वाळवून वेगळा टाका.

हे काम सामान यायच्या आधी करा. रंगारी त्याच्यानंतर. घसाईचे शिंतोडे भिंतीवर हातभर उडतात.

रामबागची_सून

बाई, दादा, खूप आभार. आज लिंबाची परीक्षा केली. काळा ओटा ग्रॅनाइटच निघाला, ओसरीत आणि कडाप्प्यावर लगेच बुडबुडे आले. सासूबाईंना भिंगातून दाखवलं, त्यांनी मग वरच्या मजल्यावरही सगळीकडे करून बघितलं. आता दोनच गोष्टी राहिल्या: मोझॅकवर एका ठिकाणी हळदीचा मोठा डाग आहे, आणि ते सागवानी कपाट. त्यावर पेल्याचे पांढरे गोल उमटलेत.

राजेंद्रनगरच्या_बाई

हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. डाग खिडकीजवळ असेल तर पडदा काढ आणि काही दिवस ऊन येऊ दे. साबण लागून तो लालसर झाला तर घाबरू नकोस, अल्कामुळे हळद लाल होते, साध्या पाण्याने पुसलं की परत पिवळी. उन्हानेही राहिला तर औषधाच्या दुकानातून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आण, खडूच्या पुडीत कालवून श्रीखंडाइतकं घट्ट कर, डागावर लाव आणि वर प्लास्टिक ठेव. रात्रभराने खडू काढून टाक, स्वच्छ धू. हे फक्त पांढऱ्या मोझॅकवर. कडाप्प्यावर करू नकोस, काळा रंग उतरेल. आणि घसाई करून घेणारच असशील तर आधी हे कर, मशीन नंतर.

कपाटाचं थोडं समजून घे. त्या काळच्या सागवानी सामानाला बहुतेक चपड्याचं पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ते पॉलिश परत स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून सॅनिटायझर, सेंट, काच पुसायचं औषध यांतलं काही त्याला लावू नकोस. दाराच्या आतल्या बाजूला कापसाने स्पिरिटचा एक ठिपका दे. चिकट झालं तर चपडाच. पांढरे गोल म्हणजे पॉलिशच्या थरात शिरलेली ओल. कोरड्या हवेत पुष्कळदा ते आपोआप फिके होतात, म्हणून लगेच घासायला जाऊ नकोस. धूळ मऊ कोरड्या फडक्याने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने काढ. फारच मळलं असेल तर फडकं घट्ट पिळून एकदा, आणि लगेच कोरडं. गोल गेलेच नाहीत तर जुनं पॉलिश करणारा सुतार शोध. तो वरच्या वर चपड्याचा हात देईल. सगळं खरवडून मेलामाइन (हल्लीचं रासायनिक पॉलिश) मारतो म्हणणाऱ्याला ते कपाट देऊ नकोस.

कोणी जवसाचं तेल लावायला सांगितलं तर तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. ते तेल हवेत सुकताना गरम होतं आणि बोळा स्वतःहून पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून बाहेर वाळव, मगच टाक.

समयांना चिंच-मीठ चालेल. घासून झाल्यावर भरपूर पाण्याने धू आणि लगेच कोरड्या कर, सांध्यांमध्ये आंबट राहिलं तर तिथे हिरवं धरतं. मळसूत्र उघडून प्रत्येक भाग वेगळा घास. आणि हे कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवून करू नकोस, बादलीत कर.